दोन गाड्या, एक कळशी

नांदेडहून लातूरला जायचं तर लोहा, अहमदपूर असं सरळ जावं. शहाणी माणसं तसंच जातात. आम्ही गेलो नायगाव, देगलूर, उदगीर, देवणी अशा वळणानं, आणि परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय सर, गाडी कशी पळाली?" एकेकाला सांगून जीभ दुखायला लागली म्हणून लिहून काढतोय. त्या भागात जे गेले नाहीत त्यांना रस्ता कळेल, आणि जे मला ओळखतात त्यांना हसायला मिळेल.

मी नांदेडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मी जुनी अँबॅसिडर घेतली. माझ्या आधी तिचे तीन धनी झाले होते आणि तिघांनीही तिला हसतमुखानं निरोप दिला होता. यावरून मी काहीतरी शिकायला हवं होतं. माझे साडू मधुकरराव लातूरच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून आहेत. मी गाडी घेतल्याचं कळताच त्यांनी महिन्याभरात जुनी पद्मिनी घेतली. तेव्हापासून आम्हा साडूंमध्ये जे चालू झालं त्याला आमच्या बायका सवतीमत्सर म्हणतात.

त्यात लातूर नवा जिल्हा झाला आणि मधुकररावांची उस्मानाबादेहून तिथं बदली झाली. तेव्हापासून ते असं बोलतात, की जिल्हा यांनीच रजा टाकून घरी बसून तयार केला. "सर, तुमची गाडी म्हंजे जुनी तहसील. जागा भरपूर, काम सावकाश." मी म्हणायचो, तुमची पद्मिनी तुमच्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी आहे. त्यावर ते विषय बदलायचे.

मी शास्त्राचा माणूस, म्हणून एक वही केली होती. तिच्यात दोन रकाने. इंजिन: माझं चौदाशे एकोणनव्वद घन सेंटिमीटर, त्यांचं एक हजार एकोणनव्वद. सिलिंडर दोघींना चारच. गिअरचा दांडा दोघींचा स्टिअरिंगलाच. वजनात माझी भारी. बसायला माझ्यात सहा जण ऐसपैस, त्यांच्यात चार आणि एक रुसलेला. पेट्रोल माझी जास्त खाते, हे मी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं होतं. चढ, वेग, दम हे रकाने मोकळे होते, कारण दोन्ही गाड्या एका रस्त्यावर कधी धावल्याच नव्हत्या.

ती संधी आली आमच्या सासऱ्यांमुळे. मामा देवणीला असतात. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचा डावा डोळा मोतीबिंदू जास्त पिकून दोन वर्षांपूर्वी कायमचा गेला. राहिला उजवा. त्यातही आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लातुरात डोळ्यांचं शिबिर भरणार होतं, मधुकररावांनी नाव घातलं होतं, आणि मामांना सोमवारी सकाळी दहाच्या आत तिथं हजर करायचं होतं. गेल्या वर्षीही नाव घातलं होतं, पण त्या दिवशी मामा पाहुण्याकडे निघून गेले. डॉक्टर म्हणाले होते, आणखी वर्ष घालवलंत तर हाही डोळा हाती लागणार नाही.

म्हणजे काम होतं एका माणसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर नेण्याचं. त्यासाठी दोन गाड्या कशाला, असं माझी बायको शांता दोनदा म्हणाली. मी वहीला नवं कव्हर घातलं.

शनिवार: नांदेड ते देवणी

निघण्याआधी मी गाडी गोदावरीच्या घाटावर नेऊन आठ बादल्या पाण्यानं धुतली. शांता म्हणाली, "लग्नाला चाललीय का ती?" आठ बादल्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

नायगावला सुशीला खाल्ला. आमच्या बाजूचा चुरमुऱ्यांचा हा पदार्थ पुण्याकडे नाव सांगितलं तर हसतात, पण हिरवी मिरची आणि शेंगदाणे सढळ असले की सकाळी त्याच्यासारखं काही नाही. खाऊन झाल्यावर मी हॉटेलवाल्याला गाडीसाठी पाणी मागितलं. तो म्हणाला, "चहा पायजे तर दोन पाजतो सर, पैसे देऊ नका. पाणी मागू नका." मला तो विनोद वाटला.

नायगावच्या पुढं विनोद ओसरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडली होती आणि भेगा इतक्या रुंद, की शेळ्या त्या ओलांडताना थांबून विचार करत. देगलूरला इंजिनच्या तापाचा काटा वर चढला म्हणून थांबलो. पंक्चरवाल्याकडे पाणी मागितलं, तो तेलुगूत म्हणाला, "नीळ्ळु लेवु." मग मला प्राध्यापक समजून त्यानं सावकाश मराठीत सांगितलं, पाणी नाही. उदगीरच्या अलीकडच्या चढावर गाडी पुन्हा तापली. तिथल्या किराणा दुकानातल्या बाई कानडीत म्हणाल्या, "नीरु इल्ला." एका दिवसात मी एकच वाक्य दोन भाषांत शिकलो. शेवटी घरून पिण्यासाठी आणलेली सुरई गाडीला पाजली. शांता आणि मी देवणीपर्यंत कोरड्या घशानं, न बोलता गेलो. न बोलण्याचं कारण घसा नव्हतं.

गाडीनं वाटेत तीनदा पाणी मागितलं, हे मी वहीत लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

देवणीत मधुकरराव आधीच येऊन खाटेवर बसले होते. पद्मिनी लिंबाखाली उभी. "आलाव का सर? मी येऊन झोप काढली," ते म्हणाले. त्यांची बायको, माझी धाकटी मेव्हणी, लातुरातच राहिली होती, मामांसाठी खोली झाडून ठेवायला.

मामींनी उंबऱ्यातूनच विचारलं, "बापू, पाणी पिणार का?" आमच्याकडे नांदेडला पाहुण्याला असं विचारत नाहीत, तांब्या पुढं ठेवतात. न पिणाऱ्यानं नुसतं बोट लावायचं आणि उरलेलं झाडांना जायचं. इथं विचारत होते, आणि हो म्हटल्यावर पेला आला तो निम्मा. मी एका दमात संपवला आणि पेला पुढं केला. मामींनी तो घेतला आणि आत नेऊन ठेवला. जेवायला येसराची आमटी होती, भाकरी, लाल मिरचीचा ठेचा. मी इतकं खाल्लं, की पाणी कमी मिळतंय हे विसरलो.

रविवार: देवणी

सकाळी आम्ही दोघं मामांना घेऊन गाड्यांपाशी गेलो. वही मी वाचून दाखवली. मामा धोतराचा सोगा हातात धरून ऐकत होते. इंजिनांच्या आकड्यांवर थांबले.

"चौदाशे एकोणनव्वद आन् हजार एकोणनव्वद. फरक किती?"

"चारशे घन सेंटिमीटर."

"म्हंजे पाणी धरलं तर?"

"अर्ध्या लिटरला कमी."

"हां. तांब्याभराचा फरक," मामा म्हणाले. "एवढ्यासाठी दोन जावई दोन वर्सं भांडून राहिले."

मग त्यांनी वही मिटायला सांगितली आणि गाड्या पारखायला घेतल्या. देवणीचे बैल पारखण्यात मामांचा हात धरणारा माणूस त्या भागात नव्हता. बाजारात गिऱ्हाईक त्यांना आडोशाला बोलावून विचारायचं. डोळे अधू झाल्यावर ते हातानं पारखायचे आणि तरी चुकायचे नाहीत. माझ्या गाडीचा रंग विचारला. पांढरी, म्हटलं. "अन् एक दार काळं," मधुकररावांनी लगेच भर घातली. तिसऱ्या मालकानं ते दार भंगारातून बसवलं होतं. "मग शेवरा म्हणा की," मामा म्हणाले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या देवणी जनावराला शेवरा म्हणतात.

त्यांनी टपावरून हात फिरवला, टायरचे खूर चाचपले, बॉनेट उघडून कान लावला. मग म्हणाले, धुळीतून सरळ चालवून दावा. दोघांनी चालवल्या. मामा उकिडवे बसले आणि चाकोऱ्या बोटांनी चाचपत गेले. बैलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडायला हवा, तोच लांबच्या वाटेला टिकतो. पद्मिनीचं मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून गेलं होतं. माझ्या गाडीचं दोन बोटं बाहेर पडत होतं.

"मास्तर, तुमचं जनावर तिरकं चालतंय."

मी म्हटलं, त्यामुळे वेगावर परिणाम होत नाही. मधुकरराव लिंबाकडे बघून हसत होते. ते हसू मला झोंबलं आणि पुढचं सगळं त्या हसण्यामुळे झालं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय.

मामा म्हणाले, "आता खरी पारख. दुष्काळात जनावर पळतं किती हे कुणी इचारत न्हाई. पितं किती, हे इचारतात. दोघंबी वलांडी गावापातुर जाऊन या. आल्यावर थंड हू द्या. मग मी तांब्यानं पाजतो. जी कमी पिल, तिच्यात बसून मी उद्या लातूरला येतो."

आम्ही गेलो, आलो. माझा काटा लाल रेघेला टेकला होता. पद्मिनी माझ्या पुढं पळत होती, हेही सांगून टाकतो. गाड्या लिंबाखाली निवायला लावल्या आणि सगळे चहाला आत गेले. मी रुमाल विसरल्याचं निमित्त काढलं आणि मागच्या सपरात, म्हणजे छपरीत गेलो. तिथं भिंतीशी एक पितळी कळशी होती. वरून फडकं बांधलेलं, त्यावर ताटली. आत काठोकाठ पाणी.

त्या क्षणी मी काय विचार केला? काहीच नाही. नांदेडच्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. मी कळशी उचलली, गाडीपाशी नेली, रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघडलं आणि ओतलं. घाईत निम्मं गाडीच्या पोटात गेलं आणि निम्मं माझ्या पँटवर. कळशी परत ठेवली, फडकं बांधलं, ताटली ठेवली आणि चहाला येऊन बसलो. शांतानं माझ्या पँटकडे पाहिलं. चहा सांडला, म्हटलं.

तासाभरानं मामांनी तांब्या धरला. पद्मिनीनं तीन तांबे घेतले. माझ्या गाडीनं अर्धा. मामांनी तो उरलेला अर्धा तांब्या कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाले, "ठरलं मग. शेवऱ्यातच बसू." मधुकररावांचा चेहरा उतरला. मी वहीत पाण्याचा रकाना आखला आणि शाईनं भरला.

सोमवार: देवणी ते लातूर

पहाटे मामींच्या आवाजानं जाग आली. आवाज मोठा नव्हता. त्या सपरात उभ्या राहून नुसतं "अगं बाई" म्हणत होत्या, पुन्हा पुन्हा.

शिबिरवाल्यांनी निक्षून सांगितलं होतं: येताना डोक्यावरून आंघोळ, धुतलेले कपडे. पुढं पंधरा दिवस डोक्याला, तोंडाला पाणी लावायचं नाही. आंघोळ नसलेला माणूस ते परत पाठवत. देवणीत टँकर तीन दिवसांनी येत होता, आणि मामींनी गेल्या दोन खेपांच्या पाण्यातून तांब्या-तांब्या बाजूला काढून ती कळशी भरली होती. मला निम्मा पेला मिळाला होता तो का, ते आता कळलं.

मामा बाहेर खाटेवर होते, म्हणून मी हळू आवाजात कबूल केलं. कबूल केलं म्हणजे, शांतानं माझी वाळलेली पँट दोरीवरून आणून माझ्यापुढं ठेवली आणि मग माझ्या तोंडातून ते बाहेर आलं. मधुकरराव उठून पद्मिनीची काच पुसायला गेले. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

 मामींनी कळशी काखेला लावली आणि गल्लीच्या टोकाला निघाल्या. शांता घाबरून म्हणाली, "आई, तिकडं नको."

तिकडं म्हणजे राधाकाकूंकडे. गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या थोरल्या सूनबाई. त्यांच्या अंगणातल्या आडाला या उन्हाळ्यातही हातभर पाणी होतं. मामींच्या सासूबाई त्या दाराशी घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या आणि वरून कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. छप्पन साली घरानं धर्म बदलला तेव्हा मामी नव्या सूनबाई होत्या. त्या सालापासून त्या पाणी मागायला त्या दारात गेल्या नव्हत्या. टँकरच्या रांगेत दुपारभर उभ्या राहिल्या, कोसभर लांबून आणलं, पण तिथं गेल्या नाहीत. राधाकाकूंशी बोलणं होतं, लग्नाकार्याला जाणं-येणंही होतं, फक्त पाण्याचा विषय दोन्हीकडून कुणी काढत नव्हतं. हे सगळं मला लग्नाआधीपासून माहीत होतं. माहीत असून काल माझ्या डोक्यात फक्त रकाना होता.

मामी अर्ध्या तासानं भरली कळशी घेऊन आल्या. तिथं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मामांना त्यांनी स्वतः न्हाऊ घातलं. मी दाराबाहेर उभा राहून ते पाणी पडताना ऐकत होतो. घाटावरच्या आठ बादल्या आठवल्या. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

निघायला उशीर झाला. मधुकरराव पुढं गेले, शिबिरात नाव पुकारलं तर थांबवून धरायला. मामा, मामी, शांता माझ्या गाडीत. मामांनी जिंकलेल्या गाडीत बसायचा शब्द दिला होता, आणि ती कशी जिंकली हे त्यांना सांगायचं धाडस आमच्यात कुणालाच नव्हतं. उशीर भरून काढायचा म्हणून मी गाडी दामटली. उदगीर मागं पडलं. काटा वर सरकत होता, पण मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. पदार्थविज्ञानाचा माणूस मापकाकडे बघत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळू नये.

"मास्तर, जनावर धापा टाकायलंय. थांबा जरा."

"मामा, वेळ नाही."

"जनावर मेल्यावर लई वेळ असतो," मामा म्हणाले.

नळेगाव ओलांडलं आणि पुढं एका उघड्या माळावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. आधी फट्ट, मग घरघर, मग शांतता. इंजिनच्या हेडचं पॅकिंग गेलं होतं. पाणी असतं तरी काही उपयोग नव्हता. घड्याळात पावणेनऊ. सावलीला बाभळीचं एक झाड, तेही पलीकडच्या बांधावर. मामी पदरानं मामांच्या तोंडावरची धूळ अडवत होत्या, कारण ते तोंड आता पुन्हा धुता येणार नव्हतं. मी पान्हा हातात घेऊन गाडीभोवती फिरत होतो. पान्ह्यानं काय करायचं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

शांता रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली आणि तिनं मागून आलेली उदगीर-लातूर एसटी हात आडवा करून थांबवली. कंडक्टर ओरडला, जागा नाही. ती म्हणाली, "आंधळ्या माणसाला डोळा आणायला चाललोय. जागा करा." जागा झाली. मामांना कुणीतरी उठून बसायला दिलं. मी मागच्या पायरीवर, एका बोकडाला चिकटून उभा.

थोडं पुढं गेल्यावर समोरून पद्मिनी आली. आम्ही मागं दिसत नाही म्हणून मधुकरराव आम्हाला शोधायला उलटे फिरले होते. मी दारातून हात काढून ओरडलो. त्यांना दिसली फक्त एसटी आणि धूळ. ते सरळ निघून गेले, माझ्या बंद गाडीपर्यंत. नंतर कळलं, आम्ही पाण्याच्या शोधात रानात शिरलो असू असं समजून ते तासभर त्या माळावर हाका मारत होते.

दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही शिबिरात पोचलो. दारातल्या बाईंनी मामांच्या केसांत बोटं घालून पाहिलं, स्वच्छ होते. त्यांनी नावापुढं खूण केली. मी मामींकडे पाहिलं, त्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

लातूर

ऑपरेशन झालं. मामा डोळ्याला पट्टी बांधून पाठीवर पडून राहिले, मान हलवायची नाही, खोकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि मधुकरराव गाडी आणायला गेलो. त्यांनी डिकीतून बैलाचा कासरा काढला, माझ्या गाडीला बांधला आणि पद्मिनीनं तिला ओढायला सुरुवात केली. एक हजार एकोणनव्वदनं चौदाशे एकोणनव्वदला. मी बंद गाडीत बसून स्टिअरिंग धरत होतो आणि सबंध रस्ताभर पद्मिनीच्या मागच्या नंबराकडे बघत होतो. तो नंबर मला अजून पाठ आहे. नव्या जिल्ह्याच्या गावात मी असा दोरीला बांधून शिरलो. चौकात एका म्हाताऱ्यानं मधुकररावांना विचारलं, "बाजारात नेऊन राहिलाव का?"

लातूर सगळं नवंनवं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पण पाट्या कोऱ्या. एका दाराला अजून जुन्या भाडेकरूचं नाव आणि त्याच्यावर सरकारी खात्याचं. लोकांच्या बोलण्यात एक ताठा होता, जो आमच्या नांदेडला नाही, कारण आम्हाला कुणी कालपरवा जिल्हा केलेलं नाही. पाणी मात्र इथंही दिवसाआड. मधुकररावांच्या क्वार्टरमध्ये पाणी आलं की ते बादल्या भरायचे आणि मी न सांगता मागं उभा राहून उचलून आत न्यायचो. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही माझी थट्टा केली नाही. जिल्ह्याबद्दलही कमी बोलले.

पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरांनी बोटं दाखवली. मामांनी बरोबर मोजली. जाड भिंगाचा चष्मा नंतर मिळणार होता, तोवर हिरवी झापड. मला वाटलं आता सांगून टाकावं. खाटेशी बसलो आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी माझी गाडी अर्धा तांब्या प्यायली, ती..."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "मी चहा घेताना ऐकून राहिलो होतो. कळशी उचलल्याचा आवाज मला समजत न्हाई का? अन् वतल्याचा बी."

"मग बोलला का नाहीत?"

मामांनी हिरवी झापड नीट केली. मग हळू म्हणाले, "मला भ्या वाटायलं होतं मास्तर. डोळ्यात सुरी घालणार म्हनल्यावर. मला वाटलं, पाणी न्हाई तर आंगूळ न्हाई, आंगूळ न्हाई तर आपरेशन न्हाई. तुम्ही माझं काम केलं, असं वाटलं." मामी दारात उभ्या होत्या. मामांनी मान न वळवता आवाज वाढवला. "ही त्या दारात जाईल, हे मला वाटलं न्हवतं."

मामी म्हणाल्या, "मलाबी वाटलं न्हवतं."

पुन्हा देवणी

माझी गाडी लातूरच्या एका मिस्तरीकडे ठेवून आम्ही पाचही जण पद्मिनीत बसून देवणीला आलो. रुसलेला पाचवा मी होतो, पण रुसायचा हक्क नव्हता म्हणून गुडघे पोटाशी घेऊन गप्प बसलो. पद्मिनीनं वाटेत एक तांब्या घेतला.

घरी पोचल्यावर मामी म्हणाल्या, "बापू, त्या घरचं पाणी आणलंय. ते पाण्यानंच परत करायचं. आन् तुम्ही करायचं."

सकाळी टँकर आला. मी टेरिलीनच्या पँटमध्ये बायकांच्या रांगेत उभा राहिलो. मागची म्हातारी म्हणाली, "नांदेडचं जावई हायत का? तिकडं नदी आटली का काय?" सगळ्या हसल्या, मीही हसलो. माझी पाळी आली, कळशी भरली, मी खांद्यावर घेतली. काठोकाठ भरलेली कळशी खांद्यावर घेऊन चालता येत नाही हे मला तेव्हा कळलं. गल्लीभर माझ्या शर्टातून पाणी ओघळत होतं. माझ्यामागं मामी, आणि मामींच्या खांद्यावर हात ठेवून, हिरवी झापड लावलेले मामा. त्यांनी येऊ नये असं सगळ्यांनी सांगितलं होतं.

राधाकाकू अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी कळशी ओट्यावर ठेवली. मामी म्हणाल्या, "तुमचं पाणी आणलंय."

"असूं द्या की. पाण्याचं काय परत करायचं," राधाकाकू म्हणाल्या.

"न्हाई. घ्या."

राधाकाकू उठल्या. ओट्याच्या एका बाजूला गुरांची दगडी डोणी होती, अर्धी कोरडी. दुसऱ्या बाजूला, आत, चुलीच्या खोलीच्या तोंडाशी घरच्यांचा पिण्याचा रांजण. त्या दोहोंच्या मध्ये उभ्या राहिल्या, क्षणभरच. मला दिसलं की मामींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय. मला स्वतःला खात्री होती, की डोणीत जाणार. मी नजर वळवायच्या बेतात होतो.

राधाकाकूंनी कळशी उचलली, आत गेल्या, रांजणाचं झाकण काढलं आणि सगळं पाणी त्यात ओतलं. मग त्याच रांजणात तांब्या बुडवून बाहेर आल्या. आधी स्वतः दोन घोट प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. "उन्हाचं आलाव. प्या."

मी प्यायलो. पाणी कोमट होतं, टँकरचं, थोडं गंजाच्या वासाचं. मी सगळं संपवलं.

परत येताना मी रिकामी कळशी घेऊन मागं राहिलो होतो. पुढं मामा मामींना विचारत होते, "बघितलंस?"

"मला कवाबी दिसतंय," मामी म्हणाल्या. "तुम्हाला दिसलं का, ते सांगा."

"हाव," मामा म्हणाले. "दिसलं."